उंदराचं औषध पोटात गेलं तर : दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरी आणू नका

ठाण्यात सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणि मग मेडिसिन वॉर्डात सिस्टर म्हणून माझी नोकरी झाली. आता निवृत्त होऊन ऐरोलीत राहते. सोसायटीत कुणाला काही झालं की दार माझंच वाजतं, आणि पावसाळ्यात उंदीर वर चढायला लागले की ठरलेला प्रश्न येतो, "ताई, बाळाने उंदराची वडी तोंडात घातली, आता काय?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. उपचार डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी काय करायचं, आणि पुढे पेशंटचं काय होतं, एवढंच मी सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. उंदराचं औषध म्हणजे एकच औषध नव्हे. आपल्याकडे या नावाखाली निदान तीन निरनिराळी विषं घरात येतात. वडी रक्तावर जाते, काळी पूड आणि गोळ्या हृदयावर, ट्यूबमधली पेस्ट यकृतावर. एकाचा त्रास तासाभरात दिसतो, दुसऱ्याचा तिसऱ्या दिवशी. म्हणून "पेशंट कसा दिसतोय" यापेक्षा "पाकिटावर काय लिहिलंय" हे जास्त महत्त्वाचं. आमच्याकडे घाबरेघुबरे नातेवाईक यायचे, आधार कार्ड आणायचे, चादर-बादली आणायचे, आणि पाकीट मात्र घरी कचऱ्यात टाकून यायचे.

पहिली दहा मिनिटं

उलटी करवू नका. बोटं घालून नको, मिठाचं पाणी पाजून तर मुळीच नको. गुंगीतल्या माणसाची उलटी फुफ्फुसात गेली की विषाशिवाय दुसरंच संकट उभं राहतं. दूध, तूप, अंडं देऊ नका. पेस्टमधला फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतो आणि अंगात लवकर भिनतो. लिंबूपाणी, ताकही नको, कारण काळ्या पुडीतून वायू सुटायला आंबटाची मदतच होते. आमच्याकडे आजीबाईंचा पहिला हात दुधाच्या पातेल्याकडे जातो, तो प्रेमाने धरून ठेवावा लागतो.

तोंडात उरलेलं ओल्या फडक्याने पुसून काढा. शुद्धीत असेल तर चूळ भरून थुंकायला लावा. हाताला, कपड्याला लागलं असेल तर कपडे उतरवा आणि साबणाने भरपूर धुवा. डोळ्यात गेलं असेल तर नळाच्या हळू धारेखाली पंधरा मिनिटं डोळा धरा. पेशंट बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर छाती दाबा, पण तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका.

उलटीला सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला तर खिडक्या-दारं उघडा, पोरांना बाहेर काढा आणि त्यावर वाकून हुंगत बसू नका. फॉस्फाइडच्या, म्हणजे काळ्या पुडीच्या किंवा गोळ्यांच्या, पेशंटच्या उलटीतून निघणारा वायू जवळच्या माणसालाही बाधतो.

मग पाकीट शोधा. ट्यूब, डबी, वेष्टनाचा फाटका तुकडा, जे मिळेल ते पिशवीत बांधून बरोबर घ्या आणि मोबाइलवर त्याचा फोटोही काढा. स्टेशनबाहेर टोपलीत विकतात ती बिननावाची पुडी असेल तर तीच पुडी आणा. कागदावर लिहा : काय, अंदाजे किती, किती वाजता. वेळ नक्की माहीत नसेल तर "चारला ठीक दिसला होता, साडेपाचला सापडला" असं लिहा. डॉक्टरांना तेवढ्याने पुष्कळ कळतं.

फोन १०८ ला करा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. वाट पाहताना दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ वर विचारता येतं, फोन फुकट आहे. पण त्या फोनसाठी निघायला उशीर करू नका.

कुठे न्यायचं

जवळचं, अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय. "मोठं नाव" शोधत फिरू नका. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्याने संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पेशंटला घेऊन सायनचा रस्ता धरणं म्हणजे तास गाडीत घालवणं. ठाण्यात सिव्हिल आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबईत वाशी, ऐरोली आणि नेरूळला पालिकेची रुग्णालयं आहेत, खासगीही बरीच आहेत. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये गेलात तर ते "पोलीस केस आहे" म्हणून पुढे पाठवतात, तिथून दुसरीकडे, आणि अर्धी रात्र रिक्षात जाते. एकाने निघता निघता फोन करून विचारावं : आयसीयूत जागा आहे का?

पोलिसांच्या नावाने बरीच माणसं घाबरतात, म्हणून सांगते. विषबाधेची नोंद एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून होते, ती अपघाताने पोटात गेलेल्या लहान मुलाचीही होते. पोलीस येऊन जबाब घेतात, कागद होतो, बस. उपचार आधी आणि कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय. कुणी स्वतःहून घेतलं असेल तर "खटला होईल" म्हणून खोटं सांगू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या ११५ व्या कलमात असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं म्हटलंय, आणि जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेलं नाही. "चुकून खाल्लं" असं सांगितलंत की डॉक्टर कमी समजून चालतात, आणि नुकसान पेशंटचं होतं.

कॅज्युअल्टीत नातेवाईकांची एक हमखास मागणी असते, "डॉक्टर, पोट धुवा ना!" पोट धुणं प्रत्येकाला लागत नाही आणि वेळ उलटून गेल्यावर त्याचा उपयोग नसतो. काहींना औषधी कोळशाचं पाणी देतात. त्यानंतर शौचाला काळं होतं, घाबरू नका. पण कोळसा दिलेला नसताना काळं झालं तर लगेच सिस्टरला सांगा, ते आतलं रक्त असू शकतं.

वडी किंवा केक

निळी, हिरवी, गुलाबी वडी. लेबलवर बहुतेक ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के असं लिहिलेलं असतं. हे रक्त गोठू न देणारं औषध. १९४८ साली अमेरिकेत वॉरफरिन उंदरांसाठी बाजारात आलं, त्याचीच ही पुढची पिढी. हृदयाच्या काही पेशंटना रक्त पातळ करायला आजही तेच वॉरफरिन देतात. वडीतलं औषध मात्र अंगातून फार सावकाश निघतं.

रांगतं मूल कपाटाखालून वडी काढून चाटतं, कोपरा कुरतडतं, आईचा जीव जातो. यातल्या बहुतेक मुलांना काहीही होत नाही. तरी डॉक्टरांना दाखवायचं, कारण किती गेलं हे आपण खात्रीने सांगू शकत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी पीटी-आयएनआर तपासणी पहिल्या दिवशी नॉर्मल येते, आणि तिच्यावर समाधान मानायचं नसतं. रक्त गोठवणारे घटक शरीरात आधीपासून शिल्लक असतात, ते संपायला वेळ लागतो. खरी तपासणी ४८ तासांनंतरची. ती नॉर्मल आली की पोर खेळायला मोकळं. "खबरदारी म्हणून व्हिटॅमिन के देऊन टाका" असा आग्रह धरू नका, त्याने आकडा झाकला जातो आणि मग काहीच कळत नाही.

मोठ्या माणसाच्या पोटात जास्त गेलं असेल तर दोन-तीन दिवसांत हिरड्यांतून, नाकातून रक्त, लाल लघवी, कारण नसताना निळे डाग असं सुरू होतं. डोक्याला साधा मार लागला तरी गंभीर. याच्यावर उतारा आहे, व्हिटॅमिन के-१, आणि रक्त वाहत असेल तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, देतात. हे पेशंट वेळेत आले तर चांगले बरे होतात. मात्र औषध आठवडेच नव्हे, कधी कधी महिने चालतं.

काळी पूड आणि गोळ्या

राखाडी-काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. धान्यात ठेवायच्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, त्या घरात असायलाच नकोत. पोटातल्या ओलाव्याने आणि आम्लाने यातून फॉस्फिन वायू निघतो, आणि हृदय, रक्तदाब ढासळतात. याला उतारा नाही. सगळी लढाई आयसीयूतली, आणि पहिला दीड-दोन दिवस सगळ्यात अवघड. पेशंट बोलतोय, पाणी मागतोय, आणि मॉनिटरवर रक्तदाब खाली, असं चित्र मी पाहिलंय. म्हणून इथे एक तासही घरी थांबायचं नाही. हे दोन दिवस निभावले तर माणूस बहुधा उभा राहतो. त्यानंतर काही आठवड्यांनी घास अडकायला लागला तर अन्ननलिका आकसलेली असू शकते. "घसा बसलाय" म्हणून हळद-दूध घेत बसू नका, दाखवा.

याच गोळ्यांनी घडणारा आणखी एक प्रकार. शेजारच्या घरात ढेकणांसाठी किंवा खालच्या गाळ्यात मालासाठी कुणी गोळ्या लावून कुलूप घालून जातं, आणि भिंतीपलीकडच्या घरात दोघा-तिघांना एकदम मळमळ, डोकेदुखी, छातीत दडपण. आपल्याला वाटतं बाहेरचं खाल्लेलं बाधलं. एकाच घरातल्या बऱ्याच जणांना एकाच वेळी असं झालं तर आधी सगळ्यांनी घराबाहेर मोकळ्या हवेत, मग शेजारी काय केलंय याची चौकशी, मग रुग्णालय.

पेस्ट

हा सगळा लेख खरं तर हिच्यासाठी. ट्यूबमधली पेस्ट, जी लोक पावाला, टोमॅटोच्या फोडीला, भज्याला लावून ओट्याखाली ठेवतात. हिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. उंदरासाठी हे औषध १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेलंसुद्धा नाही, तमिळनाडूने तर बंदी घातली. तरी ती घराघरात सापडते.

पहिल्या दिवशी उलट्या, पोटात जळजळ, किंवा तेवढंही नाही. दुसऱ्या दिवशी पेशंट छान. उठून बसतो, चहा मागतो, घरी जायचं म्हणतो. आत यकृताचं काम बिघडत चाललेलं असतं आणि बाहेर त्याची काही खूण नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुन्हा उलट्या, पिवळे डोळे, काळ्या चहासारखी लघवी, मग असंबद्ध बोलणं आणि गुंगी. ज्यांचं यकृत बिघडतं त्यांचं बहुतेक याच क्रमाने बिघडतं.

आणि नेमक्या त्या मधल्या दिवशी नातेवाईक डामा मागतात. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घेतलेला डिस्चार्ज. "सिस्टर, काही तर होत नाहीये त्याला, उगाच बेड अडवून बसलोय." वागळे इस्टेटचा एक रिक्षावाला आपल्या धाकट्या भावासाठी असाच भांडत होता. भाऊ पलंगावर बसून वडापाव मागत होता, आणि थोरल्याचं म्हणणं की गाडी उभी आहे, रोजचा धंदा बुडतोय, त्याचंही खोटं नव्हतं. आमच्या हाऊसमनने, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरने, वाद घातला नाही. कालचा आणि आजचा रिपोर्ट शेजारी शेजारी धरला. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा रक्तातला आकडा, काल दोन आकडी, आज तीन आकडी. आयएनआरही चढलेला. रिक्षावाला फारसा शिकलेला नव्हता, पण मीटर वाढतोय एवढं त्याला लगेच कळलं. भाऊ राहिला. पुढच्या दोन दिवसांत डोळे पिवळे झाले, प्लाझ्मा द्यावा लागला, आणि मग आकडे उतरायला लागले.

तर तुम्हीही वही घाला. रोज सकाळी रिपोर्ट विचारून घ्या आणि तारखेसमोर लिहा : एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, पीटी-आयएनआर, साखर, क्रिएटिनिन. साखर यासाठी की यकृत थकलं की ती अचानक खाली येते. आकडे चढत असतील आणि पेशंट हसत असेल, तर आकड्यांवर विश्वास ठेवा. रात्री जागा आणि दिवसा झोपाळलेला, ओळखीचं नाव विसरणं, शर्टाची बटणं उलटी लावणं, हे दिसलं की राउंडची वाट न पाहता सांगा. रात्री उशाशी बसणाऱ्याला हे डॉक्टरांच्या आधी दिसतं.

पेस्टलाही थेट उतारा नाही. एन-ॲसिटिलसिस्टीनचं सलाईन, व्हिटॅमिन के, गरज पडली तर रक्तातला प्लाझ्मा बदलणं, असे उपचार करतात. यकृत अगदीच बंद पडायला आलं तर प्रत्यारोपण. म्हणून आयएनआर भराभर चढायला लागला की "यकृताच्या मोठ्या केंद्रात हलवायचं का, आणि कधी?" हे तुम्हीच विचारा. पेशंट गुंगीत गेल्यावर हलवणं कठीण होतं. सगळे वाचतात असं मी म्हणणार नाही. पण लवकर आलेले, रोज तपासण्या झालेले कित्येक जण बरे होतात, आणि यकृत एकदा सावरलं की साधारणपणे पूर्ण सावरतं. आठवडाभर आकडे शांत राहिले तर डॉक्टर स्वतःच घरी सोडतात, तेव्हा पेढे वाटा.

पलंगाशेजारी

स्वतःहून घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी "का केलंस?" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्या वेळी त्याच्याकडेही नसतं. मामा, काका, शेजारी असा भेटीचा मेळा भरवू नका. एक माणूस, ज्याच्याशी त्याचं जमतं, तो जवळ बसू दे. मी पाहिलेल्या पुष्कळ जणांना दुसऱ्या दिवशी जगायचं होतं, आणि तसं ते बोलूनही दाखवत. मानसोपचार डॉक्टरांची भेट डिस्चार्जच्या आधी व्हायलाच हवी, विसरली जात असेल तर आठवण करा. घरी आणण्याआधी उरलेलं औषध आणि जुन्या गोळ्यांचे डबे घराबाहेर गेलेले हवेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि घरातल्या दमलेल्या माणसानेही तिथे फोन करायला हरकत नाही. तुमच्याच मनात असं काही घोळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तो नंबर आत्ता लावा.

लहान मुलाच्या बाबतीत आई-बापांनी एकमेकांना धारेवर धरणं निदान वॉर्डात तरी टाळावं. पोर घाबरतं आणि सिस्टरला त्याची शीर सापडत नाही.

घरात औषध ठेवायचंच असेल तर

माझं मत विचाराल तर पिंजरा. ओला कचरा रात्रीच खाली द्या, गटाराच्या जाळ्या नीट बसवा, सिंकखालचं भोक सिमेंटने बुजवा. वाशीच्या मार्केटजवळ राहणाऱ्यांना एवढ्याने भागत नाही हे मला मान्य आहे. मग लेबल असलेली वडीच घ्या आणि ती बंद बेट-बॉक्समध्ये ठेवा, म्हणजे उंदीर आत जाईल, पोराचा हात जाणार नाही. खाण्याच्या पदार्थाला औषध लावून ठेवायची पद्धत बंद करा. सकाळी अंधारात चहा करणाऱ्याला ओट्यावरचा टोमॅटो कसला, हे कळत नाही. उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या पिशवीत बांधून, वर लिहून, घातक कचरा म्हणून घंटागाडीवाल्याच्या हातात द्या.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढा, वही सांभाळा. वडीच्या पेशंटचं व्हिटॅमिन के "आता रक्त येत नाही" म्हणून स्वतः बंद करायचं नाही. दुकानात फायटोमेनाडायोन, म्हणजे के-१, हेच नाव पाहून घ्या, के-३ तिथे चालत नाही, आणि पालेभाजी भरपूर खाल्ल्यानेही ते भरून निघत नाही. डॉक्टरांनी औषध थांबवल्यावरही काही दिवसांनी आयएनआर परत करावा लागतो, कारण अंगात उरलेलं विष तेव्हा डोकं वर काढतं. तोवर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद, आणि कुणी कमरेत इंजेक्शन द्यायला निघालं तर आधी कार्ड दाखवा. पेस्टच्या पेशंटने दारू पूर्ण बंद ठेवायची, आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलसुद्धा न विचारता घ्यायची नाही. दोघांनीही दात काढायचा असेल तर आयएनआर नॉर्मल आल्याचा कागद डेंटिस्टच्या हातात ठेवूनच खुर्चीत बसायचं.